बाटलीवर नाव माझं होतं

प्रिय मित्र गच्ची यास,

खड्ड्याचा सप्रेम नमस्कार. तब्येत विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, उत्तराची घाई नाही. वहिनींनी फोनवर सगळं सांगितलंय: उजवा हात अजून उचलत नाही, शब्द फुटत नाही, पण जेवण बारीक करून दिलं की खातोस आणि दाढी करताना पूर्वीइतकाच त्रास देतोस. हे पत्र वहिनीच तुला वाचून दाखवतील. (वहिनी, माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. जिथे लागणार नाही तिथे मनाने एखादी शिवी घाला, म्हणजे पत्र माझंच आहे याची त्याला खात्री पटेल.) तुला किती कळतं याबद्दल डॉक्टर म्हणतात 'कळतं', वहिनी म्हणतात 'सगळं कळतं'. मी वहिनींच्या बाजूने आहे.

तुझ्या जागी मला नवा जोडीदार दिलाय. माणूस गुणी आहे, फक्त त्याला उंचीची भीती वाटते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला उंचीची भीती! म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याने काठावर बसून सूचना द्याव्यात तसं. बावीस वर्षं तू वर गच्चीत मोटरपाशी आणि मी खाली लिफ्टच्या खड्ड्यात, म्हणून तर तू गच्ची आणि मी खड्डा. आता खड्डा गच्चीवर चढतो आणि गच्ची अंथरुणावर पडून असते. जिने चढताना गुडघे रोज तुझी आठवण काढतात, मीही काढतो.

आपली भाषाही त्याला येत नाही. लिफ्टच्या बोगद्यात मारलेली हाक घुमत घुमत भलतीच होऊन पोचते, म्हणून आपण रुळावर पाना वाजवायचो: एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. हे मी त्याला तीनदा समजावलं. परवा मी लिफ्टमध्ये उभा राहून एक ठोका दिला, तर त्याने "काय पडलं हो?" असं विचारलं आणि खालून बटण दाबून लिफ्ट सोडून दिली. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत मी आणि घाईघाईने शिरलेल्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई, सव्वा तास. लिफ्ट कोणी बिघडवली हे मी अर्थातच सांगितलं नाही. वेळ जाईना म्हणून बाईंनी मोबाइलच्या उजेडात माझं तोंड तपासलं आणि दोन दाढा काढायला सांगितल्या. तू असतास तर वर्षभर हा किस्सा माझ्याच तोंडावर मला सांगत बसला असतास. नवा जोडीदार हसलासुद्धा नाही, नुसता 'सॉरी' म्हणाला. इतक्या चांगल्या माणसाबरोबर काम करणं फार अवघड जातं रे.

लोक अजून त्या शनिवारबद्दल विचारतात. तुला आठवत असेल-नसेल म्हणून सांगतो. सुट्या भागांच्या दुकानदाराने फोनवरचं ते चॅलेंज केलं. दारूची अख्खी बाटली एका दमात घशाखाली, मग तीन जणांची नावं घ्यायची, आणि नाव आलेल्याने चोवीस तासांत तेच करून दाखवायचं. त्याने पहिलं नाव माझं घेतलं. मी गप्प राहिलो, तर आपल्या ग्रुपवरचे झाडून सगळे मला सशाचं चित्र पाठवायला लागले. संध्याकाळपर्यंत फोनमध्ये इतके ससे झाले की गाजरं आणून ठेवावीत का, असा विचार आला. हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी ससा म्हणवून घेणं मला झोंबलं, आणि ते तू ओळखलंस. म्हणालास, "तुझं पोट म्हणजे जुनं वायरिंग, कधी जळेल नेम नाही. आण ती बाटली, तुझ्या नावाची मी पितो." लग्नाकार्यात अर्धा ग्लास घेऊन तो झाडाच्या कुंडीत ओतणारा माणूस तू!

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी साडेचारला स्टोअरमध्ये, तारेच्या दोरांच्या वेटोळ्यांमध्ये तू उभा राहिलास. फोन माझ्या हातात होता आणि सगळं तिकडे लाइव्ह दिसत होतं. अर्ध्यावर आल्यावर तू डाव्या हाताने टेबल वाजवलंस. साहेबांना, पोलिसांना, डॉक्टरांना, वहिनींना, सगळ्यांना मी तेच सांगितलं: त्याने दोन ठोके दिले, म्हणजे चालू दे, म्हणून मी चालू दिलं. तू बाटली संपवलीस, वेटोळ्यावर बसलास आणि लवंडलास. मला वाटलं, झोपला. मी तुझ्या अंगावर माझं जाकीट घातलं आणि त्याचाही फोटो काढला. ओठ निळे दिसले तोवर पंचवीस मिनिटं गेली होती. डॉक्टर म्हणाले, तेवढा वेळ मेंदूला पुरेशी हवाच मिळाली नाही.

तो दुकानदार आता दारूच्या दुष्परिणामांवर व्हिडिओ करतो. मागे तुझा फोटो, पुढे हा हात जोडून. आधीपेक्षा दुप्पट लोक बघतात म्हणे. साहेबांनीही जनजागृतीची सभा ठेवली होती, पण प्रोजेक्टर चौथ्या मजल्यावर न्यायचा होता आणि आपल्याच ऑफिसची लिफ्ट बंद पडली. मीच दुरुस्त केली. तोवर वक्ते निघून गेले होते.

असो. तुझी जागा साहेबांनी राखून ठेवली आहे. लवकर बरा हो, मला परत खाली खड्ड्यात जाऊ दे.

तुझाच,
खड्डा

ता. क. : वहिनी, इथून पुढचं त्याला वाचून दाखवू नका. जागा राखलेली नाही, नवा माणूस कायम झाला. मी भांडलो, उपयोग झाला नाही.

ता. क. दुसरा : ठोका एकच होता. मी चुकीचं ऐकलं नाही. बावीस वर्षांत तुमच्या नवऱ्याचा ठोका मला एकदाही चुकीचा ऐकू आलेला नाही. तसा आला असता तर आम्ही दोघेही केव्हाच मेलो असतो. तो थांब म्हणाला, मला कळलं, आणि चारशे माणसं फोनवर बघत होती म्हणून मी "पी, पी" म्हणत राहिलो. मला माफ करा असं लिहून तीनदा खोडलं. मागायचं तरी कोणत्या तोंडाने?

ता. क. तिसरा आणि शेवटचा : वहिनी, वाचू नका म्हणालो ते खोटं. त्याला दुसरा ता. क. वाचून दाखवा. दोनदा आलो, दोन्ही वेळा त्याच्या उशाशी बसून हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणूनच पत्र लिहिलं. वाचून झालं की फोन करा. तो मला बघायला तयार नसेल, तर नुसतं "येऊ नका" म्हणा, मी समजेन.