बडोद्याचे गायकवाड

११ सप्टेंबर, बॉथेल, अमेरिका

उद्या निघतेय. एकटीच. सरळ गेलं तर सहा तासांचाच रस्ता, पण छोट्या छोट्या गावांतून मुक्काम करत तीन दिवस ड्राइव्ह आणि शेवटी डोंगरावरचा तो बौद्ध विहार. पप्पा गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत नांदेडला जाता आलं नाही. या विहारात दर रविवारी गेलेल्या माणसांची नावं वाचतात. पप्पांचं वाचलं जावं, एवढंच.

ऑफिसात सांगितलं, हायकिंगला चाललेय. बॉसची बायको विनीता तिथेच होती, लगेच म्हणाली, "एकटी? लोकेशन शेअर कर हं!" केलं. गाढव आहे मी!

१२ सप्टेंबर, वॉटरव्हिल

गहू काढून झालेली रानं. मैलोन् मैल माणूस नाही. एक पिकअपवाला मागेच लागला. वीस मैल! मग वळला एका फाटकात. घर होतं त्याचं.

पण खरी भीती त्याची नाहीच. दोन वर्षांपूर्वी शैलेंद्रने, म्हणजे बॉसने, सगळ्या टीमसमोर विचारलं होतं, "गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?" मी हसून म्हटलं, "हो, लांबचे." झालं! तेव्हापासून मी राजघराण्यातली. पप्पांनी आयुष्यभर छाती पुढे काढून जयभीम घातला. आणि त्यांची लेक ही अशी!

हाच शैलेंद्र एकदा लंचला म्हणाला, "हे रिझर्व्हेशनवाले इथेपण पोचले यार." सगळे हसले. मीसुद्धा. माझं ग्रीन कार्ड त्याच्या शब्दावर अडकलंय. त्याला कळलं तर?

१३ सप्टेंबर, रिपब्लिक

मोटेलच्या बाईने विचारलं, "एकटीच का?" साधंच विचारलं असेल. तरी खोलीत येऊन दाराला खुर्ची लावली. भर दुपारी!

१४ सप्टेंबर, डोंगरावर

पोचले. फोनला रेंज आली आणि विनीताचा मेसेज — "पिन मॉनेस्टरीवर दिसतोय. हायकिंग ना?"

लोकेशन बंद केलं. मग वाटलं, बंद केलं म्हणजे चोरी कबूलच! परत चालू केलं.

एका गोऱ्या भिक्खुणीने वही पुढे केली. "पूर्ण नाव लिहा. अकराला वाचू. वाचन ऑनलाइन लाइव्हही दिसतं."

ऑनलाइन!

पेन धरून बसून राहिले. नुसतं 'पप्पा' लिहू? की नकोच? ती बाई शांत उभी. घाई नाही, प्रश्न नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. लिहिलं — गौतम गायकवाड, बौद्ध, नांदेड.

तिने वाचलं. उच्चार इतका भयंकर की पप्पा खो खो हसले असते. मी हमसून हमसून रडले. पाच मिनिटं कसलीच भीती नव्हती.

मग आठवलं. विनीताने पाहिलं असेल? उद्या सोमवार. शैलेंद्र केबिनमध्ये बोलावेल. काय सांगू?

तोच दिवस, चार वाजता

विनीताचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतेय —

"पाहिलं मी. पप्पांचं नाव ऐकलं. जय भीम, कांचन. पुढच्या रविवारसाठी माझ्या बाबांचं नाव लिहून येशील? एकनाथ. आडनाव नको लिहूस. शैलेंद्रला अजून सांगितलेलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली."