रशीदचाचांनी बसवलेली अक्षरं

प्रिय रशीदचाचा,

तुम्हाला जाऊन काल चाळीस दिवस झाले; चाळिसाव्याला तुमच्या घरी गेले आणि चाचींजवळ माझी एक लबाडी कबूल करून आले. खरं तर ती तुमच्याजवळच कबूल करायची. पण तुम्ही थांबलात कुठे? म्हणून हे पत्र.

गेवराईत माझा टायपिंगचा क्लास सुरू झाला तेव्हापासून दर सोमवारी तुमची सायकल दारात. सहा टाइपरायटर, सगळे तुमच्या दुरुस्तीवर चालणारे. अडकलेलं अक्षर मोकळं करताना मशीनला काय शिव्या द्यायचात! आणि मुली आत आल्या की लगेच सोवळे.

मग कंप्युटर आला, मराठीचं कार्ड बसवलेला. त्यात अक्षरांच्या जागाच वेगळ्या. टाइपरायटरवर मुरलेल्या बोटांना काही जमेना. तुम्ही बघत होतात. म्हणालात, "मंगल, आता माझं हितं काय काम हाय? सोमवारी येत न्हाई मी." तुमच्याशिवाय क्लास? छे!

पण स्वस्थ बसाल तर ते तुम्ही कसले! शुक्रवारी नमाज आटोपून आलात, कीबोर्डची सगळी बटणं उपसलीत, पुसलीत, आणि कागदावर मराठी अक्षरं लिहून टाइपरायटरच्या क्रमाने त्यांच्यावर गोंदाने चिकटवलीत. अक्षर जिथे बसवावं तिथूनच उमटतं, हा तुमचा जन्माचा अनुभव. जन्मभर टाइपरायटरच्या दांड्यांवर सुटलेली अक्षरं डाग देऊन जोडताना तेच तर केलं होतं ना?

कंप्युटर सुरू केला. 'क'चं बटण दाबलं की क उमटायचा सोडून आधीच्या अक्षराचा पाय मोडायचा! "कावून बे?" तुम्ही कंप्युटरलाच विचारलंत. तुमचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात मी कंप्युटरसोबत आलेलं पुस्तक उघडलं. त्यात कीबोर्डच्या प्रकारांची यादी होती आणि यादीत 'टाइपरायटर'ही होता. तो निवडला. जाता जाता पडद्यावरची अक्षरं मोठी केली, तुमच्या मोतीबिंदूसाठी. तारखेत महिना आधी यायचा, तोही मागे ढकलला. मग कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि साळसूदपणे बसून राहिले.

तुम्ही आलात, 'क' दाबलात, आणि क उमटला! "गोंद वाळायला पायजे होता," म्हणालात. मी मान डोलावली. सोमवारची सायकल चालू राहिली, आणि मी सुखात होते.

तरी मनात टोचायचंच. अर्ज टाइप करायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही दाढी कुरवाळत सांगायचात, "ही अक्षरं मी बसवली." इतक्या भल्या माणसाला आपण फसवतोय, असं वाटायचं. सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.

काल हे सगळं ऐकून चाची डोळे पुसता पुसता हसायलाच लागल्या. "आगं, त्यास्नी तवाच कळलं होतं. घरी येऊन म्हनले, 'पोरीनं आतून कायतरी फिरवलं. मी सोमवारी यावं म्हनून गप बसली. मंग मी बी गप.'"

म्हणजे ते गोंदाचं सोंग होतं? चाचा, तुम्ही तर माझे गुरू निघालात! आणि मी एवढे दिवस उगाच झुरत होते.

आता शब्द देते. कुणीही विचारू दे, "ताई, ही अक्षरं कुणी बसवली?" मी तुमचंच नाव सांगणार, बेधडक. ते खोटं नाहीच, चाचा. तुम्ही बटणं उपसली नसतीत, तर मी ते पुस्तक उघडलंच नसतं.

तुमची,
मंगल