अंगणात फाडलेली तार

अप्पा, तुमचा दमा कसा आहे? आईचे गुडघे? आजीला आता नीट दिसतं ना? गेलेले सगळे एकाच ठिकाणी असाल असं धरून एकदमच विचारते. इथे मुलुंडला आम्ही बरे आहोत. माझी साखर वाढलीय, नातीच्या बाळाला दात येतायत. पण रविवारपासून माझं डोकं तापलंय, आणि ते तुमच्यापायी.

आपल्या ग्रामस्थ मंडळाने गावी देवळासमोर एक दगड बसवायचं ठरवलंय, दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेलेल्या गावच्या शिपायांच्या नावांचा. मी तुमचं नाव दिलं तर म्हणे कागद आणा. आणू की! चौथी शिकलेली बाई मी, पण नातीला शेजारी बसवून पलटणीच्या दफ्तराला पत्रं घातली, दिल्लीला घातली, इंग्रजी उत्तरं अक्षर अक्षर लावून वाचली. शेवटचं उत्तर असं, की नोंद सापडत नाही, घरात काही कागद असल्यास पाठवा. घरात कुठून असणार? आई सांगायची, तार आली ती मास्तरांनी अंगणात उभ्या उभ्या वाचली. लढाईत बेपत्ता. आजीच्या लेखी बेपत्ता म्हणजे मेलाच, आणि मयताचा कागद काही उंबऱ्याच्या आत येत नाही. तिने तो तिथेच टराटरा फाडला नि सगळ्यांना अंघोळीला पाठवलं. मग लढाई संपल्यावर एक दिवस तुम्ही दारात उभे, आणि आत घ्यायच्या आधी आजी वाकून तुमची पावलं बघतेय, उलटी तर नाहीत ना.

रविवारी घाटकोपरला हॉलमध्ये मंडळाची सभा होती. अध्यक्ष कोण, तर तुमच्या भावाचा धाकटा, तुमच्या मांडीवर खेळलेला.

"एवढी सरकारी तार, फाडून टाकली गो ताय?"

"तुझ्याकडे मयताची पत्रं फ्रेम करून लावतात काय रे?"

लोक हसले. ते त्याला झोंबलं.

"मग मधली वर्षं काका होते कुठे? बेपत्ता झाले नि धडधाकट परत आले. पळालेच असतील. पळपुट्याचं नाव देवासमोर लावायचं?"

अप्पा, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हातातला चहा त्याच्या झब्ब्यावर जायचाच बाकी होता. लहानपणी मी ताटात भात टाकला तेव्हा तुम्ही माझा कान धरला होतात. "एवढ्या भातासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, मी पाहिलंय." कुठे पाहिलंत, असं आईने विचारलं, तर तांब्या उचलून बाहेर निघून गेलात. जन्मभर तेवढंच बोललात. एवढं तोंड शिवून बसायचं काय कारण होतं? तुमच्या गप्प बसण्यावर आज हे पोरटं मिशीला पीळ देतंय.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "ते कैदेत होते. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून अप्पांनी स्वतः मला सांगितलंय." अध्यक्षसाहेब मान खाली घालून म्हणाले, "ताय, एवढं लिहून सही करून दे, नाव घालतो."

पण शेवटच्या आजारपणात तुम्ही फक्त पंखा बंद कर म्हणाला होतात.

सही मी करणार आहे. पळून आला असाल तरी करणार, घरीच आलात ना! पण त्याआधी मला तुमच्याकडून ऐकायचंय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला कळत नाही, म्हणून उशाखाली ठेवतेय. मंडळाचा माणूस येत्या रविवारी येणार आहे. कुठे होतात, एवढंच लिहा अप्पा, आणि लवकर लिहा.