जास्त उजेडात गेलेला चेहरा

चेन्नई,
९ ऑगस्ट २०२५

ती. जयवंतीताईस,
दर्शनचा साष्टांग नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. आम्ही ठीक आहोत. नंदिता जूनपासून पुन्हा शाळेत शिकवायला जाते. भावजींचा गुडघा कसा आहे?

मी एक नवा उद्योग मागे लावून घेतलाय. दर रविवारी इथल्या तिरुवल्लिकेणी भागात राघोत्तम सरांकडे फोटोग्राफी शिकायला जातो, त्यातही फक्त लाइट आणि फ्लॅश. सरांचा जन्म लग्नांचे फोटो काढण्यात गेला. मराठी तंजावरची, ‘सगळं’ला ते ‘अस्की’ म्हणतात. पहिले दोन रविवार त्यांनी मला उकडलेल्या अंड्याचे फोटो काढायला लावले. समोरून फ्लॅश मारला की अंडं कागदासारखं चपटं दिसायचं. मग सरांनी फ्लॅशचं तोंड बाजूच्या भिंतीकडे वळवलं. भिंतीवरून परत आलेल्या मऊ उजेडात अंडं गोल दिसायला लागलं. मला तिथेच रडू आलं. सरांना वाटलं, जमल्याच्या आनंदाने.

“चाळिशीत हे खूळ कशाला?” त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, हौस.

गेल्या रविवारी मात्र मी त्यांना माझ्या मोबाइलमधला एक फोटो दाखवला.

ताई, हॉस्पिटलात फोटो काढू देत नाहीत, असं मी तुला सांगितलं ते खोटं होतं. उलट नर्सच म्हणाली होती, “एक फोटो काढून घ्या, सार.” लेक जगली ते मार्चमधले अकरा तास, त्यातला बहुधा आठवा असेल. खोलीत उजेड कमी होता. मोबाइलचा फ्लॅश आपोआप उडाला आणि तिने डोळे गच्च मिटले. तिला त्रास झाला असं वाटून मी दुसरा फोटो काढलाच नाही. घरी येऊन पाहिलं तर दुपट्याची नक्षी स्पष्ट आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं.

नंदिताने एकदाच पाहिला. “ही ती नव्हे,” म्हणाली.

सरांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मी विचारलं, “काही करता येईल?”

“काळोखात राहिलं असतं तर थोडं तरी काढून दिलं असतं रे. हे अस्की पांढरं झालंय. तिथे आता काही नाही.” मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाले, “नाव काय ठेवलं होतं?”

श्रीरंजनी. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

तू तिकीट काढून तयार होतीस आणि मी ‘येऊ नकोस’ म्हणालो. तू आली असतीस तर मी कोसळलो असतो. नंदितासाठी कोणीतरी उभं राहायला हवं, असं मला वाटलं. तिला विचारलं नाही. काल विचारलं. ती म्हणाली, “मला ताई हव्या होत्या.”

“निदान तोंड तरी दाखवायचंस,” हे तुझं फोनवरचं शेवटचं वाक्य. फोटो या पाकिटात ठेवलाय. त्यात काही दिसणार नाही, म्हणून लिहितो. केस दाट, कपाळाला चिकटलेले. वरचा ओठ पातळ, नंदितासारखा. हनुवटीवर तुझ्यासारखी खळी. डावा कान वरून जरासा दुमडलेला. नंदिता म्हणते उजवा. आम्ही काल यावरून भांडलो, आणि मग किती तरी वेळ तिच्याबद्दलच बोलत बसलो. मार्चनंतर पहिल्यांदा.

तू ये. तुला जमेल तेव्हा, पण ये.

तुझा धाकटा भाऊ,
श्रीरंजनीचा बाबा,
दर्शन