वापरात नसलेलं कुलूप

२ नोव्हेंबर, सकाळ
नवी वही. सुरुवात घरच्यांच्या ख्यालीखुशालीने करावी. हिला विचारलं, गुडघे कसे आहेत? म्हणाली, आहेत जागेवर. लेकीला फोन केला, तब्येत कशी? म्हणाली, नववा महिना आहे बाबा, कशी असणार. जावयांना पाठीचं विचारलं. मीटिंगमध्ये आहे म्हणाले, म्हणजे बसता येतंय. विहीणबाईंचं ब्लडप्रेशर नॉर्मल. त्यांचं सगळंच नॉर्मल असतं, आणि तेच हिला सोसत नाही. माझी चौकशी कुणी केली नाही. मी उत्तम.

निवृत्त माणसाला छंद हवा. ठरलं: किल्लीशिवाय कुलूप उघडण्याची कला. सभ्य माणसं यासाठी क्लब काढतात. हिला सांगितलं. म्हणाली, शेजारी विचारतील तेव्हा काय सांगू? हे रिटायर झाले आणि चोर झाले?

३ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिले. शिकवणारा दाढीवाला. पहिला नियम, कुलूप आपल्या मालकीचं हवं. दुसरा, वापरातल्या कुलपाला कधीही हात लावायचा नाही. दोन्ही लिहून घेतले. शिस्त माझ्या रक्तातच आहे.

हत्यारं विकत आणणं हौशी लोकांचं काम. मी जुन्या छत्रीच्या काड्या घासून घरीच केली. एक आकडी, एक वाकडी पट्टी. पट्टीने कुलपाला हलका पीळ द्यायचा, आकडीने आतल्या पिना उचलायच्या. एवढंच. यात लोक आयुष्य घालवतात म्हणे.

संध्याकाळी: छत्री जुनी नव्हती असं कळलं.

५ नोव्हेंबर
प्रवासी बॅगेचं चिमुकलं कुलूप उघडलं. उत्साहाने हिला बोलावलं. म्हणाली, ते नखानेसुद्धा उघडतं. आणि नखाने उघडून दाखवलं. मुद्दा नखाचा नव्हता, पण समजावत बसलो नाही.

७ नोव्हेंबर
पितळी कुलूप घेतलं. सकाळभर बसलो. उघडलं नाही. चांगल्या दर्जाचं कुलूप आहे. उद्यापासून रोज पहाटे सराव.

८ नोव्हेंबर, साडेनऊ
पहाटेच्या गारठ्यात बोटं आखडतात. कलावंताने बोटं जपावीत.

१० नोव्हेंबर
हिचं विणकाम संपलं. बाळाचा स्वेटर, टोपरं, मोजे, सगळं पिवळं. गोड बातमी आल्यापासून सुया चालू होत्या. एक टाका मनासारखा पडला नाही की अख्खी बाही उसवायची. कारण विहीणबाईंनीही विणायला घेतलंय, हे लेकीने फोडलं. बाळाच्या अंगावर पहिला स्वेटर कुणाचा चढणार, यात हिचा जीव अडकलाय. बोलत नाही, पण भाजी चिरतानाही सुरी टाके घातल्यासारखी चालते.

कपडे घडी करून लोखंडी कपाटात ठेवले. रविवारी सकाळच्या गाडीने ही लेकीकडे निघणार.

मी म्हटलं, स्वेटर तो स्वेटर, आधी काय नि नंतर काय. म्हणाली, तुम्ही तुमच्या छत्रीपाशी जा.

१२ नोव्हेंबर
दोष हाताचा नाही, पितळी कुलपाचा आहे. मला माझ्या तोलामोलाचं कुलूप हवं. उदाहरणार्थ, लोखंडी कपाट.

नियम तपासले. मालकी: कपाट आम्ही दोघांनी मिळून घेतलं, म्हणजे अर्धं माझं, आणि कुलूप उजव्या दाराला आहे. उजवी बाजू नेहमी माझी. वापर: कपडे ठेवल्यापासून हिने कपाटाकडे ढुंकून पाहिलेलं नाही. म्हणजे कुलूप सध्या वापरात नाही. दाढीवाल्याची हरकत नसावी.

१३ नोव्हेंबर, दुपार
ही गुडघ्यांच्या व्यायामाला गेली. पट्टी लावली, आकडी सरकवली, श्वास रोखला. खट्. फिरलं. लोखंडी कपाट, किल्लीशिवाय, पहिल्याच बैठकीत. डोळ्यांत पाणी आलं. लोखंडाचा कीस गेला असावा.

मूठ फिरवली. दार उघडेना. म्हणजे कुलूप उघडलं, दार अडकलं. कुलूप हा माझा विषय, दार हा सुताराचा.

नंतर: सगळं पूर्ववत करायला गेलो तर आकडीचं टोक मोडून आत राहिलं. हल्लीच्या छत्र्यांत दम नाही.

१४ नोव्हेंबर
हिला कपाट उघडायचं होतं. म्हटलं, बिजागऱ्यांना तेल घातलंय, वाळू दे. म्हणाली, तेल वाळतं? म्हटलं, हे वाळतं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचा विश्वास बसला.

फ्रिजवरचा चुंबक लावून पाहिला. टोक आलं नाही. चुंबकावरची स्ट्रॉबेरी निघून आली.

१५ नोव्हेंबर
चिमट्याने टोक हललं. आतल्या बाजूला. हललं हे महत्त्वाचं.

हिला आज विश्वासात घ्यायचं पक्कं ठरवलं होतं. पण ती बॅग भरत होती, उगाच व्यत्यय कशाला. बॅगेत वरच्या बाजूला तिने थोडी जागा सोडली आहे. स्वेटर चुरगळू नये म्हणून सकाळी निघताना ठेवणार म्हणे.

१६ नोव्हेंबर, रविवार
किल्ली आत जाईना. मी म्हटलं, थंडीने लोखंड आखडतं. तिने टॉर्च मारला. वाकून पाहिलं. म्हणाली, ही माझी छत्री आहे.

मी म्हटलं, अगं, चांगली बातमीही ऐक, गुरुवारी मी हे कुलूप उघडलं होतं.

ती खाली बसली. म्हणाली, अहो, तुम्ही छत्री मोडलीत त्या दिवसापासून मी या कपाटाला किल्ली लावतच नाही. म्हटलं, हे फिरत फिरत एक दिवस इथे येणार, निदान आयतं उघडं सापडू दे यांना, काही मोडायला नको. नुसती मूठ फिरवली असतीत तर दार उघडलं असतं.

म्हणजे गुरुवारी मी ते लावलं. किल्लीशिवाय. तसं पाहिलं तर किल्लीशिवाय कुलूप लावणं हेही येरागबाळ्याचं काम नाही. हे मोठ्याने बोलायला नको होतं.

किल्लीवाल्याला फोन केला. तो रविवारी गावाला असतो. मी हिला म्हटलं, उद्याच्या गाडीने जा. म्हणाली, बाळ काय तुमच्या किल्लीवाल्यासाठी थांबणार आहे? बॅगेची चेन ओढली. जाताना फक्त म्हणाली, गोळ्या वेळेवर घ्या. म्हणजे फारसं मनावर घेतलेलं नाही.

रिक्षा वळली तरी तिने मागे पाहिलं नाही. मान आखडली असावी.

१७ नोव्हेंबर
किल्लीवाला आला. ड्रिलने कुलपाचा भुगा केला. यात कला काय? मी त्याला पिना, पीळ वगैरे समजावत होतो. म्हणाला, काका, उजेडातून बाजूला व्हा.

स्वेटर बाहेर काढला. माझ्या पंजावर मावतो. बाहीवर एक टाका चुकला आहे का ते पाहिलं. नाही.

१८ नोव्हेंबर
लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोटो आला. नात मोरपंखी स्वेटरमध्ये, विहीणबाईंच्या हातचा. शेजारी ही उभी, हसते आहे. फोटो मोठा करून पाहिला. नुसती तोंडाने हसते आहे. सोबत एक अक्षर लिहिलेलं नाही.

पार्सलबरोबर चिठ्ठी द्यायची आहे. इथे कच्ची लिहितो.

“तुझे गुडघे कसे आहेत? लेक जेवते ना नीट? जावयांची झोप? विहीणबाईंना सांग, स्वेटर छान झालाय. माझ्यातर्फे सांग, तुझ्यातर्फे नको. पिवळे कपडे पाठवतो आहे. घडी तुझीच आहे, मी मोडलेली नाही. हत्यारं भंगारवाल्याला दिली. पार्सलला चार दिवस लागतील म्हणतात. तोवर नातीला फार वाढू देऊ नकोस. रागावून का होईना, पण उत्तर लवकर लिही.”