नवशिक्यांसाठी एक्केचाळीस बटणं

गाझियाबाद,
१२ फेब्रुवारी १९९९

ती. श्रीरंगमामांस यशोधनचा दंडवत. तुमच्या गुडघ्यांनी थंडी निभावली असेल अशी आशा आहे. (माझ्या गुडघ्यांनी नाही.)

आमच्या नोएडातल्या कंपनीत कार्टून हलवायचा प्रोग्राम बनतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो शाळांना विकायचाय, तेव्हा नवशिक्याला दहा मिनिटांत आला पाहिजे, असं आमच्या खन्नासाहेबांनी फर्मावलं. पडद्यावर बटणं एक्केचाळीस, त्यातली निम्मी माझ्या हातची. ऑफिसात अस्सल नवशिका सापडेना, म्हणून शेजारच्या वैजयंतीकाकूंना घेऊन गेलो. काकू निवृत्त नर्स. परीक्षेला निघाल्यासारख्या कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या. चेंडू वरून खाली आणायचा, एवढंच काम. त्यांनी माउसनं ओढून आणला, चालवून पाहिलं, तर चेंडू वरच. सात वेळा आणला, सातही वेळा वरच. (दर वेळी 'नोंदवा' दाबावं लागतं. ते चौथ्या यादीत लपलंय.) पस्तीस वर्षं सलाइन लावणाऱ्या काकूंनी माउस उलटा करून खालून तपासला. खन्नासाहेब मागे उभे राहून घड्याळ बघत होते. शेवटी काकू हळूच म्हणाल्या, "अरे, मी हलवला ते याला दिसलं नाही का? का माझंच चुकतंय?"

मामा, दोन वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. हलवलं की आपोआप नोंदलं जावं, असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, नवशिक्यांना शिस्त हवी. मग रविवारी मी गुपचूप तसं करून टाकलं. (घरी सांगितलं, करोल बागेत स्वेटर घ्यायला जातोय. रिकाम्या हातानं परतलो, ते प्रकरण वेगळं.)

सोमवारी प्राचार्य मंडळी बघायला आली. समजावताना साहेबांचा हात जिथे जिथे लागला, ते सगळं नोंदलं गेलं आणि चेंडू झिंगल्यासारखा पडदाभर भटकला. एक प्राचार्यबाई मात्र "ये तो मैं भी कर लूँगी" म्हणाल्या, आणि केलंही. वीस शाळांनी प्रोग्राम घेतला. साहेबांनी कल्पना स्वतःची म्हणून सांगितली, आणि न विचारता हात घातल्याबद्दल मला फरीदाबादला तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. दिवसभर लोक विचारतात, माझं काय चुकलं? उरलेली चाळीस बटणं आठवत मी त्यांचं नाव-गाव टिपून घेतो. जीव विटलाय.

मामींना नमस्कार.

तुमचा हताश भाचा,
यशोधन

ता. क. तुमच्या शाळेतली चित्रकला शिक्षकाची जागा भरली का? पत्र खरं त्यासाठीच लिहिलंय.

ता. क. २. रिकामी असली तरी इतक्यात शब्द टाकू नका. काल काकूंनी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर अख्खी मांजर चालवली. शेपटी तेवढी राहिलीय. ती हलेपर्यंत मला येता येणार नाही.