अर्ध्यावरचा काटा

३ मार्च, रविवार
नवी वही. संकल्प: यात फक्त गाडीच्या दुरुस्तीची टिपणं. घरच्या भानगडी लिहायच्या नाहीत.
समस्या: पेट्रोलचा काटा. गाडी एकोणीस वर्षांची. मेहुण्याची बदली झाली तेव्हा त्याने आम्हाला देऊन टाकलेली. टाकी भरा नाहीतर रिकामी ठेवा, काटा आपला तळाला झोपलेला. ब्रेकचं काम केलं तेव्हाच मिस्त्री म्हणाले होते की टाकीत तरंगणारा फ्लोट गेलाय, अर्ध्या दिवसात नवा बसवून देतो, तोवर टाकी भरली की किलोमीटर लिहून ठेवा. मी नको म्हटलं. तीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात टाक्यांच्या पातळ्या नोंदवतोय. लाखो लिटरच्या टाक्या. ही पस्तीस लिटरची.

६ मार्च
फ्यूज पाहिला. शाबूत. हिने बजावलं की टाकीला हात लावायचा नाही, पेट्रोल आहे ते, गंमत नाही. मी ‘बरं’ म्हटलं. ‘बरं’ म्हणजे ऐकलं. कबूल केलं असं नव्हे.

१० मार्च, रविवार, सकाळी ९
ही बहिणीकडे गेली. मागची सीट काढली. खाली: एक कंगवा, एका पायाचा मोजा, मेहुण्याच्या हस्ताक्षरातली किराण्याची यादी. त्याखाली टाकीचं झाकण आणि वायर. वायर सुटी करून बॉडीला टेकवली. काटा सरसर वर, थेट फुल्ल. म्हणजे डॅशबोर्डमधला मीटर निर्दोष, वायर निर्दोष. दोष टाकीच्या आत. निदान पूर्ण. मिस्त्री हेच म्हणाले होते, पण त्यांनी अंदाजाने सांगितलं होतं.

दुपारी १
टाकीचं यंत्र बाहेर काढलं. तारेची लांब दांडी, टोकाला काडेपेटीएवढा फ्लोट. हलवला तर आत पेट्रोल खळखळतंय. म्हणजे भोक पडलंय, म्हणून बुडतो, म्हणून काटा खाली. दुसऱ्या कोणी फ्लोट बदलला असता. मी मुळाशी गेलो. काटा खाली राहतो ना? मग दांडीच वर वाकवायची. पक्कड घेतली, वाकवली, परत बसवली. काटा बरोब्बर अर्ध्यावर. माझ्या अंदाजाने टाकीही अर्धीच होती. तंतोतंत.
हात चार वेळा धुतले.

संध्याकाळी ६
हिने काटा पाहिला. कोणी दुरुस्त केला, विचारलं. मी म्हटलं, मिस्त्रींनी. श्रेय दुसऱ्याला देण्यात मला कमीपणा वाटत नाही. ही खूष. म्हणाली, बघा, माणसाकडे नेलं की होतं की नाही.

१६ मार्च
काटा सहा दिवस अर्ध्यावर स्थिर. ऑफिसला रोज जाऊन येऊनसुद्धा. इतकी स्थिर पातळी मी नोकरीत पाहिलेली नाही. निष्कर्ष: दुरुस्तीमुळे ॲव्हरेजही सुधारलं.

१९ मार्च
परवा हिचा इंटरव्ह्यू. अभिलेख विभागात चोवीस वर्षं झाली, आता विभागप्रमुखाची जागा निघाली आहे. कुकरच्या शिट्या मोजता मोजता उत्तरं पाठ करते आहे. रिक्षाने जाईन म्हणत होती. मी म्हटलं, दारात गाडी असताना रिक्षा कशाला. सकाळी वाटेत पेट्रोल टाकू का, असंही तिने विचारलं. अर्धी टाकी आहे, म्हटलं.

२१ मार्च, दुपारी ४
पुलाच्या मधोमध, दहा पस्तीसला, गाडी दोनदा खोकली आणि थांबली. इंटरव्ह्यू अकराचा.
ही म्हणाली, पेट्रोल संपलं का? मी काट्याकडे बोट दाखवलं. अर्धी. तिने काट्याकडे पाहिलं आणि तिला पटलं. मिस्त्रींनी केलेला होता ना. मी बॉनेट उघडून आत पाहत राहिलो. काय पाहत होतो ते माहीत नाही. पुलावर रिक्षा थांबत नाही. दहा मिनिटं वाट पाहून तिने फाईल छातीशी धरली आणि चालायला लागली. पुलाचा उतार संपेपर्यंत दिसत होती.
नंतर एका स्कूटरवाल्याने बाटलीतून पेट्रोल आणून दिलं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.
ती अकरा चाळीसला पोचली. तिचा नंबर गेलेला. सगळ्यांच्या शेवटी, जेवणानंतर, सात मिनिटं. टाचेला फोड आलाय.
मी सांगितलं, मिस्त्रींनी बसवलेली काट्याची वायर सुटली होती. हे तोंडातून आपोआप आलं. विचार करून बोललो असतो तर वेगळं काही बोललो असतो. बहुधा.

२२ मार्च
हिने मिस्त्रींना फोन केला. मी शेजारीच वर्तमानपत्र धरून होतो. माझ्या करिअरचा प्रश्न होता, काटा नीट बसवता येत नसेल तर तसं सांगायचं, असं बरंच काही म्हणाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, एक शब्द उलट बोलले नाहीत, नुसतं बरं ताई, बरं ताई. म्हणजे चूक त्यांचीच.
मी पान उलटलं.

२४ मार्च, रविवार
हिने जिन्यात खालच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांची गाडी उद्या मिस्त्रींकडे जायची होती. आता दुसरीकडे जाणार. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईसुद्धा विचार करताहेत.
ठराव: मिस्त्रींचं नुकसान आपण भरून काढायचं. गुपचूप. सत्य सांगून आता कोणाचा फायदा?

२६ मार्च
गाडी मिस्त्रींकडे नेली. हॉर्न तपासायला. हॉर्न उत्तम आहे. त्यांनी वाजवून पाहिला, म्हणाले उत्तम आहे. अजून काही सांगायचं होतं का, विचारलं. मी म्हटलं, वायपर.

२८ मार्च
मागच्या दाराची कडी. अजून काही? गाडी धुवायची होती.

३० मार्च
डाव्या आरशाचा स्क्रू. मिस्त्री स्क्रू पिळता पिळता म्हणाले, पेट्रोलचा काटा काय म्हणतोय? मी म्हटलं, अर्ध्यावर आहे. ते म्हणाले, हो का. आणि स्क्रू जितका पिळायचा त्यापेक्षा थोडा जास्त पिळला.
 

२ एप्रिल
ही टाचेला मलम लावत होती. मला म्हणाली, तुम्ही त्या माणसाकडे अजून जाता, भांडत नाही, हे मला आवडलं. मोठं मन लागतं त्याला.
बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. पाणीपुरवठ्याच्या माणसाला हे शोभत नाही.

४ एप्रिल, सकाळी ७.३०
आज सांगायचंच. मुद्दे काढलेत: (१) हेतू चांगला होता. (२) निदान अचूक होतं. (३) उत्पादकाने फ्लोट टिकाऊ करायला हवा होता.

सकाळी ८.१५
सांगितलं. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचलोच नाही. ती भाजी चिरत होती, ती चिरायची थांबली. ओरडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, “मिस्त्रींना सांगितलंत?”
नाही म्हटलं.
“मी त्या माणसाला काय काय बोलले. आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात.”
मग म्हणाली, आधी तिकडे जा. माझं नंतर बघू.

दुपारी १२
गॅरेजमध्ये गेलो. एक पांढरी गाडी जॅकवर, खालून निळ्या पँटीतले दोन पाय बाहेर. पायांशी बोलणं सोपं जातं, चेहरा नसतो. मी सुरुवात केली. सगळं सांगितलं: दांडी, पक्कड, पूल, फोन. पाणीपुरवठ्यातली तीस वर्षंही आली, उत्पादकही आला. शेवटी हात जोडले. म्हटलं, मी तुमची बदनामी होऊ दिली, मला क्षमा करा.
पाय सरकत बाहेर आले. वर आमचे खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक. अंगावर गॅरेजचा निळा पोशाख. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सायलेन्सर वाजता केला म्हणून ते इथेच परत आले होते आणि आवाज कुठून येतो ते स्वतः पाहत होते. म्हणाले, मिस्त्री चहाला गेलेत. निरोप सांगू का?
मी म्हटलं, नको, थांबतो.

दुपारी २
मिस्त्री आले. प्राध्यापक जागचे हलले नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांदा त्यांच्यादेखत सांगावं लागलं. या वेळी तीन वाक्यांत झालं. टाकी मी उघडली. दांडी मी वाकवली. नाव तुमचं सांगितलं.
मिस्त्रींनी हात पुसले. म्हणाले, “ताईंचा फोन आला तेव्हाच कळलं. मी काट्याला हातच लावला नव्हता ना.”
मग हिला तेव्हाच का नाही सांगितलंत, मी विचारलं.
“तुमच्या घरातली गोष्ट. म्हटलं, साहेब एक-दोन दिवसांत सांगतील.”
तेरा दिवस झाले होते. ते त्यांनी म्हटलं नाही. मीच मोजले.
मग म्हणाले, ताईंना पायी जावं लागलं, ते वाईट झालं. आणि मागची सीट काढायला घेतली.

५ एप्रिल
नवा फ्लोट बसला. काटा लाल रेघेच्या खाली. प्रथमच खरं बोलतोय. जिन्यात सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी मला पाहून पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हिने मिस्त्रींना फोन करून माफी मागितली. मी शेजारी होतो. वर्तमानपत्र नव्हतं.

९ एप्रिल
निकाल लागला. जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. ही म्हणाली, त्या माझ्यापेक्षा हुशार आहेत, उशिराचा काही संबंध नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मला बरं वाटलं नाही. दुसऱ्या शाखेत अशीच एक जागा आहे, इंटरव्ह्यू सतरा तारखेला.
संध्याकाळी जाऊन टाकी काठोकाठ भरून आणली.

१७ एप्रिल, सकाळी ८.४०
साडेसातपासून इस्त्रीचा शर्ट घालून किल्ली हातात धरून बसलो होतो. ही तयार झाली, फाईल घेतली. मी उठलो. ती म्हणाली, तुम्ही बसा, मी बसने जाते, थेट दारात सोडते.
रागाने म्हणाली नाही. खिडकीतून पाहिलं, स्टॉपवर उभी होती. बस लगेच आली.
खाली जाऊन गाडीत बसलो. किल्ली फिरवून पाहिली. काटा फुल्ल दाखवतोय.